स्पॅनिश शिकून पुढें काय?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एके दिवशीं सायंकाळीं आमच्याच शाळेंतून शिकून गेलेली एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह माझ्या घरीं आली. चहापाणी झाल्यावर वडिलांनीं मूळ विषयाला हात घातला. मुलीला तिच्या मामांच्या आधारानें अमेरिकेंतील एका ख्रिस्ती महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता. ही वार्ता आनंदाचीच. परंतु पदवीसाठीं मुख्य विषय म्हणून तिनें स्पॅनिश भाषा घेण्याचा निश्चय केला होता, आणि त्यामुळें घरांत आठ दिवस कोणाला स्वस्थ झोंप नव्हती. "सर, तुम्हीच तिला चार शब्द सांगा," ते गृहस्थ काकुळतीनें म्हणाले. "इतका पैसा खर्चून सातासमुद्रांपलीकडे जायचें, आणि शिकायचें काय, तर स्पॅनिश! ना डॉक्टरी, ना इंजिनिअरिंग. ती भाषा शिकून पुढें काय?" मुलगी खालीं मान घालून बसली होती. ती इतकेंच म्हणाली, "सर, मला ती भाषा आवडते."

त्या दिवशीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. बापाची काळजी खोटी नव्हती आणि मुलीची आवडही खोटी नव्हती. मीं विचार करण्यास आठ दिवसांचा अवधि मागून घेतला. त्या आठ दिवसांत जें वाचलें, जें आठवलें आणि जें अखेरीस मनाला पटलें, तेंच येथें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें; कारण हा प्रश्न एका घरचा नाहीं. आज ना उद्यां तो अनेक घरांत निघणार आहे.

प्रथम 'मुख्य विषय' म्हणजे काय, हें समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेंत पदवीचा अभ्यासक्रम साधारणतः चार वर्षांचा असतो. तेथील विद्यार्थी सुरुवातीपासून एकाच विषयाला जखडलेला नसतो. गणित, विज्ञान, इतिहास, निबंधलेखन असे अनेक विषय त्याला घ्यावे लागतात, आणि त्यांतील ज्या एका विषयांत तो खोल उतरतो त्यास 'मेजर' म्हणतात. एकाच्या जागीं दोन मुख्य विषय घेण्याचीही बहुतेक ठिकाणीं मोकळीक असते. इलिनॉय राज्यांतील १८६० सालीं स्थापन झालेलें व्हीटन, किंवा मिशिगन राज्यांतील १८७६ सालापासून चालत आलेलें कॅल्व्हिन, यांसारख्या ख्रिस्ती विद्यालयांत याच्या जोडीला पवित्र शास्त्राचा अभ्यासही असतो. स्पॅनिश हा मुख्य विषय घेणारा विद्यार्थी आरंभीं व्याकरण, संभाषण व लेखन शिकतो. मग स्पेन व लॅटिन अमेरिका यांचें वाङ्मय व इतिहास, भाषांतर, भाषाशास्त्र यांकडे वळतो. बहुधा एक सत्र तरी तो ती भाषा जेथें बोलतात त्या देशांत घालवितो. इंडियाना राज्यांतील गोशेन या मेनोनाइट पंथाच्या महाविद्यालयानें १९६८ सालापासून तर अशी योजनाच चालविली कीं, विद्यार्थ्यानें परदेशांत तेथल्याच एखाद्या कुटुंबांत राहावें, अर्धा काळ भाषा व संस्कृति शिकावी आणि अर्धा काळ सेवेचें काम करावें. म्हणजे ही विद्या केवळ बाकावर बसून घोकण्याची नव्हे.

आतां बापाच्या प्रश्नाकडे वळूं. तो पोटाचा प्रश्न आहे, आणि पोटाच्या प्रश्नाला नाकें मुरडणें हें शिक्षकाला शोभत नाहीं. खरी परिस्थिति लपविण्यांतही अर्थ नाहीं. अमेरिकेंतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशन ही संस्था कोणत्या महाविद्यालयांत किती विद्यार्थी कोणती भाषा शिकतात याची गणती ठेवते. तिच्या गणतीप्रमाणें स्पॅनिश ही तेथें सर्वांत अधिक शिकली जाणारी परभाषा असली, तरी २०१६ ते २०२१ या पांच वर्षांत तिचे विद्यार्थी सुमारें शेंकडा १८ नीं घटून ५ लाख ८४ हजारांच्या घरांत आले. विद्यार्थी घटले म्हणजे भाषाविभागांवर कात्री चालते, हें उघडच आहे. यास्तव "भाषा घे, पुढचें पुढें पाहतां येईल," असा मोघम सल्ला देणारा मनुष्य त्या मुलीचा हितचिंतक म्हणतां येणार नाहीं.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जगांत वीस स्वतंत्र राष्ट्रांचा कारभार स्पॅनिश भाषेंत चालतो. खुद्द अमेरिकेंत २०२० सालच्या खानेसुमारींत स्पॅनिशभाषक मुलुखांशीं वंशाचें नातें सांगणारे ६ कोटी २१ लाख लोक आढळले, आणि घरांत स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींच्या वर आहे. इस्पितळांत, शाळांत, कचेऱ्यांत व न्यायालयांत त्यांची भाषा जाणणारा मनुष्य रोज लागतो. तेथील संघराज्याच्या न्यायालयांत दुभाष्यांची तरतूद करणारा कायदा १९७८ सालीं झाला. तेव्हां भाषा जाणणाऱ्याला काम नाहीं असें नाहीं. नुसती भाषा जाणून भागत नाहीं, इतकेंच. परिचारिकेचें काम, अध्यापन, हिशेबनिसाची विद्या, समाजसेवा यांपैकीं एखाद्या विषयाची जोड दिली, तर स्पॅनिश हें त्या विद्येचें दुसरें चाक होतें, आणि दोन चाकांची गाडी एका चाकाच्या गाडीपेक्षां बरी चालते, हें कोणीही शेतकरी सांगेल.

पालकांची दुसरी शंका अशी असते कीं, ही भाषा आपल्याला किती परकी! तिचा आपला काय संबंध? येथें मात्र मला हंसूं आलें. कारण ज्या 'पगारा'ची त्या गृहस्थांना काळजी पडली होती, तो शब्दच आपल्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला आहे. 'पागार' म्हणजे पैसे देणें. पोर्तुगीजेची सख्खी बहीण जी स्पॅनिश, तिच्यांतही हा शब्द जसाच्या तसा आहे. पाव, बटाटा, चावी, साबण हे आपल्या स्वयंपाकघरांतले व न्हाणीघरांतले शब्दही त्याच वाटेनें आले. उलट दिशेचा प्रवास तर याहून प्राचीन आहे. आपली 'शर्करा' इराणांतून व अरबांच्या गलबतांतून स्पेनला पोंचली आणि तेथें 'आसूकार' झाली. आपलें 'नारंग' तेथें 'नारांखा' झालें. आपला 'चतुरंग' खेळ तेथें 'आखेद्रेस' या नांवानें मांडला जातो. ज्या भाषेच्या घरांत आपली साखर, आपलें संत्रें आणि आपला पट आधींच जाऊन बसला आहे, त्या घरीं जातांना आपल्या मुलीनें बिचकण्याचें कारण नाहीं.

व्याकरणांतही मराठी मुलाला ओळखीच्या खुणा सांपडतात. स्पॅनिश बहुतांशीं जशी लिहितात तशीच वाचतात. इंग्रजीच्या स्पेलिंगनें ज्यांना रडविलें आहे त्यांना या गुणाची किंमत कळेल. जिवलगासाठीं एक सर्वनाम व आदरासाठीं दुसरें, हा आपला 'तूं' आणि 'आपण' यांचा भेद तेथें 'तू' आणि 'उस्तेद' या रूपांनीं आहे. इंग्रजीनें तो केव्हांच टाकून दिला. नामांना तेथें लिंग आहे, आणि विशेषण त्या लिंगाप्रमाणें बदलतें. सर्वांत गंमत अशी कीं, त्या मुलीनें मान खालीं घालून जें एक वाक्य उच्चारलें, त्याची घडणही तेथें आपल्यासारखीच आहे. इंग्रज म्हणतो, "मी आवडवून घेतों". त्याच्या वाक्यांत कर्ता तो स्वतः असतो. आपण म्हणतों, "मला आवडते". आवडणारी वस्तु पुढें होते व आपण मागें सरतों. स्पॅनिश माणूसही 'मे गुस्ता' म्हणतो, म्हणजे 'मला आवडते'. अर्थात् भूतकाळाच्या रूपांत व अनिश्चितार्थी क्रियापदांत विद्यार्थ्याची पुरेशी दमछाक होते. परंतु मराठी विभक्तिप्रत्यय ज्यानें पचविले त्याला ती असाध्य नाहीं.

आतां मी माझ्या मतें मुख्य असलेल्या मुद्द्याकडे येतों. ती मुलगी स्पॅनिश कोठेंही शिकूं शकली असती. मग ख्रिस्ती महाविद्यालयांत शिकण्यांत विशेष तें काय? प्रार्थनामंदिरांत जाऊन आल्यावर क्रियापदें चालविलीं, म्हणजे तीं ख्रिस्ती होतात असें नाहीं. विशेष असेल तर तो, भाषा कशासाठीं शिकावयाची, या प्रश्नाच्या उत्तरांत असला पाहिजे.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें स्पेनच्या इतिहासानेंच देऊन ठेविलीं आहेत. १४९२ सालीं, ज्या वर्षीं कोलंबस पश्चिमेकडे निघाला त्याच वर्षीं, आंतोनियो दे नेब्रिखा या पंडितानें स्पॅनिश भाषेचें व्याकरण छापून राणी इझाबेला हिला अर्पण केलें. राज्यविस्तार व भाषाविस्तार हे बरोबरीनें चालतात, अशा आशयाचा विचार त्यानें प्रस्तावनेंत मांडला आहे. पुढील शतकांत तसेंच घडलें. तलवारीच्या मागोमाग भाषा गेली, आणि दुःखाची गोष्ट ही कीं, क्रूसही त्याच जहाजांतून गेला. तथापि त्याच जहाजांतून बार्तोलोमे दे लास कासास हाही गेला होता. आरंभीं तो स्वतः गुलामगिरीसारख्या वेठीवर शेती करवून घेणारा जमीनदार होता. १५१४ सालीं त्याचें मन पालटलें. त्यानें आपला तो हक्क सोडला आणि उरलेलें आयुष्य तेथील मूळ रहिवाशांची बाजू मांडण्यांत घालविलें. त्यांच्यावर झालेल्या अत्याचारांचा वृत्तांत त्यानें १५५२ सालीं त्याच स्पॅनिश भाषेंत छापला. आफ्रिकी गुलाम आणावे अशी सूचना त्यानें एके काळीं केली होती, आणि तिचा त्याला पुढें पश्चात्ताप झाला, हेंही लपवितां कामा नये. एकाच भाषेनें जुलूम केला आणि तिनेंच त्या जुलुमाची साक्षही दिली.

तिसरें एक उदाहरण तर पवित्र शास्त्राच्या प्रत्येक वाचकानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कासियोदोरो दे रेइना हा सेव्हिल शहराजवळील एका मठांतील संन्यासी. धर्मन्यायसभेच्या भयानें तो १५५७ सालीं देश सोडून पळाला. १५६२ सालीं सेव्हिल येथें त्याची प्रतिमा जाळण्यांत आली. देशोदेशीं भटकत असतां त्यानें आपल्या लोकांच्या भाषेंत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविलें, आणि तें १५६९ सालीं बाझल येथें छापलें. त्याच मठांतून निघालेल्या सिप्रियानो दे व्हालेरा यानें तें सुधारून १६०२ सालीं अ‍ॅमस्टरडॅम येथें पुन्हां प्रसिद्ध केलें. आजही स्पॅनिश बोलणारे प्रॉटेस्टंट लोक याच भाषांतराची सुधारलेली आवृत्ति वाचतात. ज्याला आपल्या देशांत जागा नव्हती, त्यानें आपल्या भाषेंत लाखो लोकांना जागा करून दिली!

कॅल्व्हिन येथें अध्यापन केलेल्या डेव्हिड स्मिथ व बार्बरा कार्व्हिल या दोन भाषाशिक्षकांनीं २००० सालीं परभाषेच्या ख्रिस्ती अध्यापनाविषयीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचा गाभा थोडक्यांत असा : परभाषा शिकणारानें परमुलुखांत चांगला पाहुणा व्हावें, आणि स्वतःच्या मुलुखांत परक्याचा चांगला यजमान व्हावें. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. भाषा शिकण्याचा हेतु केवळ विक्री वाढविणें, सहलींत सोय होणें, किंवा लोकांपुढें व्याख्यान झोडणें एवढाच असेल, तर आपण फक्त बोलण्यासाठीं भाषा शिकतों. पाहुणा आणि यजमान हे दोघे मात्र ऐकण्यासाठीं भाषा शिकतात. परक्यावर प्रीति करण्याची आज्ञा आपण लहानपणापासून पाठ करीत आलों आहों. पण ज्याचें बोलणेंच आपल्याला कळत नाहीं, त्याच्यावर प्रीति कशी करावयाची? अमेरिकेंतल्या इस्पितळांत दहा वर्षांची पोर आपल्या आईला डॉक्टरांचे शब्द उलगडून सांगत बसते, असे प्रसंग घडतात. आईचा आजार किती गंभीर आहे हें प्रथम त्या पोरीला कळतें, मग आईला. तेथें ती भाषा जाणणारी एखादी परिचारिका उभी राहिली, तर तिनें त्या लेकराच्या खांद्यावरचें केवढें ओझें उतरविलें!

हें मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, पदवी घेऊन मी नुकताच शिक्षक झालों होतों, तेव्हां सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या एका शाळेंत माझी नेमणूक होती. वर्गांत पावरी बोलणारीं मुलें पुष्कळ होतीं. एके दिवशीं एका मुलाला मीं विचारलें, "वही कां आणली नाहींस?" तो गप्प. पुन्हां विचारलें, तरी गप्प. मला वाटलें, पोर उद्धट आहे. मीं त्याला दोन तास वर्गाबाहेर उन्हांत उभें केलें. मधल्या सुटींत शाळेच्या शिपायानें त्याला पावरींत दोन शब्द विचारले आणि तो भडाभडा बोलूं लागला. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. वही त्याच्या धाकट्या भावानें चुलींत टाकली होती, इतकीच गोष्ट! पदवीधर मी होतों, आणि अडाणीही मीच ठरलों. त्या दिवसापासून मीं त्या शिपायापासून पावरी शब्द शिकण्यास सुरुवात केली. वर्षभरांत दोनएकशें शब्द झाले असतील. एवढ्याशा पुंजीवर मी त्या मुलाच्या घरीं गेलों, ओट्यावर बसलों, भाकरी खाल्ली. मी चुकीचे शब्द बोललों कीं सारें घर हंसे, आणि तो मुलगा मला सुधारी. तो माझा गुरु झाला होता. त्या हंसण्यानें माझ्या मनांतलें तें ऊन कांहींसें ओसरलें. सगळें ओसरलें नाहीं.

म्हणून मी असें म्हणतों कीं, परभाषा शिकणें हा नम्रतेचा अभ्यास आहे. सुशिक्षित मनुष्य काहीं काळ तरी पुन्हां बालक होतो, चुकतो, हंसें करून घेतो व दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून राहतो. हा धडा दुसऱ्या फारच थोड्या विषयांत मिळतो.

आपल्या महाराष्ट्राला व गोमंतकाला तर ही परंपरा नवी नाहीं. फादर स्टीफन्स हा इंग्रज १५७९ सालीं गोव्यास आला, त्यानें येथील भाषा आपलीशी केली, आणि १६१६ सालीं त्याचें 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापून निघालें. पंडिता रमाबाईंनीं संस्कृतांत कीर्ति मिळविल्यावरही हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, कारण साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठींत त्यांना पवित्र शास्त्र उतरवावयाचें होतें. त्यांनीं तें काम पुरें केलें. १९२२ सालीं त्यांचें निधन झालें आणि १९२४ सालीं तें भाषांतर ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. एक परका आपल्याकडे आला व आपला झाला. एक आपली बाई परक्या भाषांत शिरली व तेथलें धन घरीं घेऊन आली. आमची विद्यार्थिनी निघाली आहे ती याच वाटेनें, असें मानण्यास काय हरकत आहे?

आणि ज्या भाषेकडे ती निघाली आहे तेथें तिला सोबतिणीही भेटतील. मेक्सिकोंतील साध्वी सोर हुआना इनेस दे ला क्रूस हिनें १६९१ सालींच स्त्रियांच्या विद्याध्ययनाच्या हक्काची बाजू मांडणारें पत्र लिहिलें. चिली देशांतील गाब्रिएला मिस्त्राल ही खेड्यापाड्यांतून शिकविणारी साधी शिक्षिका. तिला १९४५ सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आणि रवींद्रनाथ ठाकुरांचे ग्रंथ १९१५ सालापासून स्पॅनिशमध्यें आणले, ते सेनोबिया कांप्रूबी या बाईनें, आपले कविपति हुआन रामोन हिमेनेस यांच्या साहाय्यानें. म्हणजे आपल्या देशाचा आवाज त्या भाषेंत शंभर वर्षांपूर्वींच ऐकूं गेला आहे.

एक आक्षेप मात्र मी स्वतःच घेतों. आमचीं कित्येक मुलें आज इंग्रजींत उत्तम गुण मिळवितात, पण आजीनें पाठविलेलें मराठी पत्र त्यांना अडखळत वाचावें लागतें. अशा मुलानें तिसरी भाषा घेतली, तर तो तिच्यांतही पाहुणा आणि स्वतःच्या घरींही पाहुणाच राहील. यजमान होण्यास आधीं घर लागतें. ज्याला आपल्या भाषेंत दुःख, लाज, कृतज्ञता हे भाव नीट सांगतां येत नाहींत, तो दुसऱ्याच्या भाषेंत ते कशांत ओतणार?

आठ दिवसांनीं बाप व लेक पुन्हां आलीं, तेव्हां मीं जें सांगितलें तें असें. मुलीनें स्पॅनिश अवश्य घ्यावी, परंतु तीन अटींवर. पहिली, जोडीला चरितार्थाची दुसरी विद्या घ्यावी, म्हणजे बापाची झोंप परत येईल. दुसरी, चार वर्षांत एक सत्र तरी स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांत राहावें, आणि तेथें गेल्यावर बोलण्याआधीं ऐकावें. तिसरी, दर पंधरवड्यास आईला एक पत्र मराठींत व हातानें लिहावें. वडील पहिल्या अटीवर खूष झाले. मुलगी तिसरी अट ऐकून किंचित् हंसली, कारण ती तिला सर्वांत अवघड वाटली असावी.

पहिलें पत्र गेल्या महिन्यांत आलें. तिच्या आईनें तें मला वाचावयास दिलें. जोडविषय म्हणून तिनें परिचर्याशास्त्र धरलें आहे. शुद्धलेखनाच्या चुका चौदा होत्या. शिक्षकाची संवय, मोजल्याशिवाय राहवलें नाहीं. पण शेवटीं तिनें लिहिलें होतें कीं, वसतिगृहांत झाडलोट करणाऱ्या मेक्सिकन बाईंशीं ती रोज दोन शब्द स्पॅनिशमध्यें बोलते, आणि त्या बाई तिच्या चुका सुधारतात. बाईंनीं एके दिवशीं तिला विचारलें, "तुमच्या भाषेंत साखरेला काय म्हणतात?"

पत्र वाचून मीं तें घडी करून आईच्या हातीं दिलें. "आतां पुढें काय?" असें कोणीच विचारलें नाहीं.